घरातील यंत्रे : खेळ अर्ध्यावर मोडतो तेव्हा

आषाढाच्या झडी लागल्या, की कोल्हापुरातील मुलांचा मुक्काम मैदानावरून माजघरात येतो. रंकाळ्याचा फेरफटका बंद होतो, तालमीच्या वाटेवर चिखल होतो, आणि घरातील एकुलत्या एका संगणकाभोवती चुलत, आते, मामे अशी सारी भावंडे गोळा होतात. खेळ ऐन रंगात येतो आणि एकाएकी पडदा काळा पडतो. अथवा 'अमुक फाइल सापडत नाही, सबब हा कार्यक्रम चालू होऊ शकत नाही' अशा अर्थाची इंग्रजी पाटी समोर उभी राहते. तेथून घरात चौकशी सुरू होते. काका म्हणतात, मुलांनी काहीतरी भलतेच उतरवून घेतले. मुले म्हणतात, काकांनी हिशेबाचे काम केले तेव्हापासूनच असे होते आहे. शेवटी दुकानातील मनुष्य येतो, 'सगळे पुसून नव्याने भरावे लागेल' असे सांगतो, आणि घाईघाईने दिलेल्या होकाराबरोबर धाकट्या आत्याच्या लग्नाची छायाचित्रे आणि आजोबांनी वर्षभर खपून टंकलेला कुलवृत्तांत हीही पुसली जातात.

खेळ बंद पडला हे नुकसान क्षुल्लक आहे. त्याच्या पाठोपाठ जे अविचाराने केले जाते त्याने होणारे नुकसान मात्र भरून येत नाही. म्हणून हा रोग काय आहे, तो कसा ओळखावा, घरच्या घरी कोणता उपाय करावा आणि कोठे थांबावे, हे या महिन्यात सांगावयाचे योजिले आहे. यासाठी यंत्रविद्येचे शिक्षण लागत नाही. इंग्रजी पाटी धीराने वाचणे आणि एका वेळी एकच उपाय करणे, एवढी शिस्त पुरे.

प्रथम मूळ कल्पना समजून घेऊ. एकत्र कुटुंबात प्रत्येक सुनेचा पाटा-वरवंटा वेगळा नसतो. मोठी पातेली, परात, खलबत्ता ही कोठीघरात एकदाच ठेवलेली असतात. जिला लागतील ती तेथून घेते आणि काम झाले की परत ठेवते. संगणकातही हीच व्यवस्था आहे. पडद्यावर चित्र उमटविणे, ध्वनी काढणे, आकडेमोड करणे ही कामे प्रत्येक कार्यक्रमाला लागतात. ती प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहून घेण्याऐवजी एकाच जागी सामाईक फाइलींत लिहून ठेवलेली असतात, आणि जो तो कार्यक्रम गरजेप्रमाणे त्यांस हाक मारतो. अशा फाइलीस 'डायनॅमिक लिंक लायब्ररी' असे नाव असून तिच्या नावाच्या शेवटी 'डीएलएल' ही तीन अक्षरे असतात. परात जागेवर नसेल, किंवा तिला भोक पडले असेल, तर पुरणपोळीचा बेत फसतो. त्यात स्वयंपाक करणारीचा दोष नसतो.

परंतु या सामाईक फाइली एकाच मालकाच्या नसतात, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, आणि येथेच उपायांची गल्लत होते. त्यांचे चार वर्ग करावेत. पहिला वर्ग विंडोज या मूळ प्रणालीच्या स्वतःच्या फाइलींचा. दुसरा वर्ग मायक्रोसॉफ्ट कंपनीनेच तयार केलेल्या, पण विंडोजबरोबर सगळ्याच येत नाहीत अशा पुरवणी फाइलींचा. 'व्हिज्युअल सी प्लस प्लस'चा पुनर्वितरण संच आणि 'डायरेक्टएक्स'चे जुने सहायक संच हे यात मोडतात. तिसरा वर्ग चित्रपत्रिकेच्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या कारखानदाराने दिलेल्या चालकांचा, ज्यांस 'ड्रायव्हर' म्हणतात. चौथा वर्ग खेळाच्या स्वतःच्या फाइलींचा. फाइल कोणत्या वर्गातील आहे हे कळले, की ती कोणाकडून मागून घ्यावयाची हेही कळते.

ही व्यवस्था कशी घडली याचा इतिहास मनोरंजक आहे. १९९४ सालच्या नाताळात अमेरिकेत डिस्ने कंपनीने 'लायन किंग' या चित्रपटावरील गोष्टीची एक तबकडी विक्रीस आणली. आईबापांनी ती मुलांना भेट म्हणून दिली. परंतु चित्रे पडद्यावर आणणारी व्यवस्था आणि त्या हंगामात विकल्या गेलेल्या कित्येक नव्या संगणकांचे चालक यांचा मेळ बसेना, आणि सणाच्याच दिवशी असंख्य घरांत तो खेळ कोसळला. अशा अनुभवांतून धडा घेऊन मायक्रोसॉफ्टने १९९५ साली 'डायरेक्टएक्स' हा संच काढला. खेळाने प्रत्येक यंत्राशी वेगळी बोलणी न करता या एकाच मध्यस्थाशी बोलावे, मध्यस्थाने यंत्राशी बोलावे, अशी ती योजना होती.

त्या काळी आणखी एक अडचण होती. कोणताही नवा कार्यक्रम संगणकात भरला, की तो आपल्याबरोबर आणलेली सामाईक फाइल जुन्या फाइलीवर खुशाल लिहून टाकी. नवी सून माहेरची परात घेऊन आली आणि तिने सासरची मोडीत घातली, तर इतरांची जी पंचाईत होईल, तीच बाकीच्या कार्यक्रमांची होत असे. विंडोज ९८ मध्ये मूळ फाइली तपासणारा एक निरीक्षक देण्यात आला. विंडोज २००० मध्ये बदललेली मूळ फाइल आपोआप पूर्ववत करणारी संरक्षक व्यवस्था आली. आणि २००७ साली सर्वांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये मूळ फाइलींना कुलूपच लावण्यात आले. त्यामुळे आज एखादा खेळ भरल्याने विंडोजची मूळ फाइल सहसा बिघडत नाही. मुलांवर येणारा नेहमीचा आरोप या एका गोष्टीने पुष्कळ हलका व्हावा.

आता एक आपल्याकडचे उदाहरण घेऊ. 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या मंडळीने तयार केला आणि २०२० साली तो प्रसिद्ध झाला. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेल्या राजी नावाच्या मुलीची ती कथा असून, चित्रांची धाटणी पहाडी शैलीच्या जवळची आहे. पुण्यात तयार झालेला हा खेळही 'अनरियल' नावाच्या अमेरिकन यंत्रसंचावर बांधलेला आहे, आणि त्या संचावर बांधलेल्या खेळांना चालण्यासाठी वर सांगितलेला 'व्हिज्युअल सी प्लस प्लस'चा संच व 'डायरेक्टएक्स' यांची गरज असते. खेळ पुण्याचा, बांधणी अमेरिकेची, चित्रपत्रिका तिसऱ्याची आणि संगणक आपल्या माजघरातला; इतक्या जणांचा मेळ बसला म्हणजे पडद्यावर एक मुलगी धावू लागते. या साखळीतील एक कडी निसटली तरी खेळ थांबतो. कुस्तीत मल्ल कितीही कसलेला असो, हौद्यातील माती नीट मळलेली नसेल तर त्याचा पाय घसरतो. तेथे मल्लाला दोष देऊन भागत नाही, माती पाहावी लागते.

ही माती बिघडते कशाने? आपल्या भागात पहिले कारण वीज. संगणक एखादी फाइल लिहीत असता, विशेषतः विंडोजची नवी सुधारणा भरली जात असता, वीज गेली तर काही भाग नवा व काही जुना अशी फाइल राहू शकते. पावसाळ्यात वारा सुटला की तारा तुटतात, आणि मागील खेपेस मध्येच सोडलेले हे काम पुढे कित्येक दिवसांनी खेळ चालू करताना उघडकीस येते. दुसरे कारण साठवणीची तबकडी जुनी होणे; तिच्यावरील काही जागा वाचता येईनाशा होतात आणि त्या जागी जी फाइल असेल ती निकामी ठरते. तिसरे कारण विषाणुरोधक कार्यक्रमाने एखादी फाइल संशयित म्हणून उचलून कोंडून ठेवणे. चोरून घेतलेल्या खेळांच्या बाबतीत हे हमखास घडते, आणि तेथे संशय बहुधा रास्तही असतो. चौथे कारण 'संगणक स्वच्छ करून वेगवान करतो' अशी जाहिरात करणारे कार्यक्रम; ते केरकचऱ्याबरोबर कामाच्या वस्तूही बाहेर टाकतात.

आता निदान. पाटी दिसताच ती मिटवू नये. मोबाइलने तिचे छायाचित्र घ्यावे, अथवा वहीत अक्षरशः उतरवून घ्यावी. मग चार प्रश्न विचारावेत. एकच खेळ मोडतो काय? तसे असेल तर दोष बहुधा त्या खेळाच्या फाइलींत आहे. पाटीवर एखाद्या फाइलीचे नाव आहे काय? असल्यास ते पुरवणी संचातील असण्याचा संभव अधिक. अनेक खेळ, आणि शिवाय हिशेबाचे वा लेखनाचे कार्यक्रमही मोडतात काय? तसे असल्यास मूळ प्रणालीकडे वळावे. आणि संगणकच निळा पडदा दाखवून वा एकदम विझून पुन्हा सुरू होतो काय? होत असेल तर चालक, स्मरणशक्तीची पट्टी, उष्णता किंवा वीजपुरवठा यांपैकी काहीतरी तपासावे लागेल. निव्वळ फाइली बदलून गुण येईलच असे नाही.

विंडोजमध्येच रोगाची दैनंदिनी लिहिलेली असते, हे फार थोड्यांस ठाऊक आहे. शोधाच्या चौकटीत 'रिलायबिलिटी' हा शब्द इंग्रजीत टंकला, म्हणजे 'रिलायबिलिटी हिस्टरी' पाहण्याची सोय समोर येते. तीत तारीखवार तक्ता असून, ज्या दिवशी काही कोसळले त्या दिवसाखाली तांबडी फुली असते. त्या दिवशी कोणता कार्यक्रम भरला वा कोणती सुधारणा झाली, हेही तेथेच दिसते. असे समजा की पहिली फुली वीज गेली त्या रात्रीची आहे आणि मुलांनी खेळ भरला तो चार दिवसांनी. मग कोणाला रागवावे हा प्रश्नच उरत नाही. एक सूचना मात्र ध्यानी ठेवावी. तपशिलात 'दोषी भाग' म्हणून ज्या फाइलीचे नाव येते, ती बिघडलीच असली पाहिजे असे नाही. मनुष्य घेरी येऊन ज्या पायरीवर पडतो ती पायरी काही त्याच्या आजाराचे कारण नसते. कार्यक्रम जेथे कोसळला ती जागा एवढाच त्या नावाचा अर्थ.

उपायांना आरंभ सौम्य उपायापासून करावा. संगणक बंद करून पुन्हा चालू करावा, आणि विंडोजची अर्धवट राहिलेली सुधारणा पूर्ण होऊ द्यावी. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम होते. त्यानंतर खेळाच्या फाइली तपासाव्यात. खेळ 'स्टीम' या भांडारातून घेतला असेल, तर संग्रहातील त्याच्या नावावर उजवी कळ दाबावी, 'प्रॉपर्टीज' उघडावे, 'इन्स्टॉल्ड फाइल्स' या भागात जावे आणि फाइलींची शाबूती पडताळण्याची आज्ञा द्यावी. भांडार प्रत्येक फाइल ताडून पाहते आणि जी जुळत नाही तेवढीच पुन्हा मागवून घेते. इतर भांडारांतही अशीच सोय असते. सगळा खेळ काढून नव्याने भरण्यात जो वेळ व इंटरनेटचा कोटा खर्ची पडतो, तो यामुळे वाचतो.

पाटीवर फाइलीचे नाव असेल तर ते वाचावयास शिकावे. 'व्हीसीरनटाइम१४०' किंवा 'एमएसव्हीसीपी१४०' असे नाव आले, म्हणजे 'व्हिज्युअल सी प्लस प्लस'चा संच उणा आहे असे समजावे. नावातील १४० हा आकडा १४ वी आवृत्ती दाखवितो. २०१५ पासूनचे संच याच वंशातील असल्यामुळे त्यांतील सर्वांत अलीकडचा भरला म्हणजे पुरे. तो मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्थानावरून विनामूल्य मिळतो. संगणक ६४ बिटांचा असला तरी ३२ बिटांचा व ६४ बिटांचा असे दोन्ही संच भरावेत, कारण काही खेळ अद्याप ३२ बिटांचे असतात. 'डी३डीएक्स९' या अक्षरांनी आरंभ होणारे नाव आले, तर 'डायरेक्टएक्स'चा जुना सहायक संच हवा आहे. या वंशातील शेवटच्या फाइलीच्या नावात ४३ हा आकडा असून तो संच जून २०१० चा आहे. नव्या विंडोजमध्ये 'डायरेक्टएक्स १२' असले तरी या जुन्या फाइली त्यात आपोआप येत नाहीत. त्या वेगळ्या भराव्या लागतात. नातवाला नवी भांडी आवडतात म्हणून आजीचा तांब्याचा बंब आपोआप घरात येत नाही, तसेच हे.

येथे एक इशारा ठासून देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. फाइलीचे नाव इंटरनेटवर शोधले, की 'ही फाइल येथून फुकट घ्या' असे सांगणारी शेकडो ठिकाणे पुढे येतात. त्यांकडे वळू नये. ती फाइल कोणी तयार केली, तिची आवृत्ती कोणती, तिच्यात आणखी काय दडविले आहे, हे कळण्यास मार्ग नसतो. आणि ज्या संगणकावर मुले खेळतात त्याच संगणकावरून घरातील मोठी माणसे बँकेचे व्यवहार करीत असतात. शिवाय चुकीच्या प्रकारची फाइल ठेवल्याने मूळ दुखणे वाढते. पाटीवरील आकड्याचा शेवट 'सात-बी' असा होत असेल, तर बहुधा ३२ बिटांची फाइल ६४ बिटांच्या जागी अथवा उलट जाऊन पडलेली असते. गंमत अशी की, ६४ बिटांच्या विंडोजमध्ये 'सिस्टिम३२' नावाच्या कप्प्यात ६४ बिटांच्या फाइली राहतात, आणि ३२ बिटांच्या फाइली 'सिसवॉव६४' नावाच्या कप्प्यात! नावावरून तर्क करणारा येथे हमखास फसतो. म्हणून सुटी फाइल हाताने कोठेही ठेवू नये. संपूर्ण संच त्याच्या मूळ मालकाकडून घेऊन भरावा. उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कोणाही कारागिरास विचारा; आटे न जुळणारा बोल्ट जबरीने पिळला तर बोल्टही जातो आणि नटही जातो, हे तो सांगेल.

यानेही गुण न आल्यास, आणि इतर कार्यक्रमही मोडत असल्यास, विंडोजच्या मूळ फाइली तपासाव्यात. त्याचे दोन टप्पे आहेत, आणि क्रम महत्त्वाचा आहे. शोधाच्या चौकटीत 'कमांड प्रॉम्प्ट' हे नाव इंग्रजीत टंकून, त्यावर उजवी कळ दाबून, ते 'अॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडावे. पहिली आज्ञा इंग्रजी अक्षरांत अशी : डी-आय-एस-एम ही चार अक्षरे, मग मोकळी जागा, तिरकी रेघ व तिला लागून 'ऑनलाइन', पुन्हा मोकळी जागा, तिरकी रेघ व 'क्लीनअप', आडवी छोटी रेघ, 'इमेज', पुन्हा मोकळी जागा, तिरकी रेघ व 'रिस्टोअरहेल्थ' हा जोडशब्द. ही आज्ञा विंडोजजवळ असलेला मूळ फाइलींचा राखीव साठा तपासते, आणि त्यात वाण असेल तर इंटरनेटवरून भरून काढते. दुसरी आज्ञा : एस-एफ-सी ही तीन अक्षरे, मोकळी जागा, तिरकी रेघ व तिला लागून 'स्कॅन' आणि 'नाउ' हे दोन शब्द जोडून. ही आज्ञा वापरातील प्रत्येक मूळ फाइल ताडून पाहते आणि बिघडलेली फाइल त्या राखीव साठ्यातून बदलते. साठाच सदोष असेल तर त्यातून काढलेली वस्तू निर्दोष कशी निघावी? म्हणून साठा आधी, तपासणी मागून.

टक्केवारीचा आकडा मध्येच बराच वेळ थांबला तरी खिडकी बंद करू नये. आणि ज्या दिवशी वीज ये-जा करीत असेल त्या दिवशी हे काम हाती घेऊच नये. शेवटी तीनपैकी एक निकाल मिळतो. दोष आढळला नाही असे आले, तर कारण अन्यत्र शोधावे. दोष आढळला व दुरुस्त झाला असे आले, तर संगणक पुन्हा चालू करून खेळ पाहावा. दोष आढळला पण काही फाइली दुरुस्त करता आल्या नाहीत असे आले, तर दोन्ही आज्ञा त्याच क्रमाने पुन्हा एकदा द्याव्यात. ध्यानात ठेवावयाचे ते हे, की ही तपासणी केवळ पहिल्या वर्गातील फाइलींची आहे. 'डी३डीएक्स९' हरवली असता कितीही वेळा ही आज्ञा दिली तरी 'दोष नाही' असेच उत्तर येईल, आणि ते खरेच असेल. कारण ती फाइल त्या कोठीघराच्या यादीतच नाही. पुष्कळ लोक येथे निराश होऊन सगळे पुसून टाकण्याच्या निर्णयाला येतात, म्हणून वर्गांचा भेद आरंभीच सांगितला.

एका फाइलीपायी किती अनर्थ होतो आणि तो किती लहान उपायाने निवारता येतो, याचे मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. 'क्राउडस्ट्राइक' या संरक्षण-कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांना पाठविलेली एक सदोष फाइल वाचताना विंडोज कोसळू लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक त्या दिवशी निळा पडदा दाखवीत बसले. मुंबईसह आपल्या देशातील अनेक विमानतळांवर खोळंबा झाला आणि प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र देण्याची पाळी आली. परंतु उपाय काय होता? संगणक 'सेफ मोड'मध्ये चालू करावयाचा, ती एक फाइल काढून टाकावयाची आणि पुन्हा चालू करावयाचा. प्रत्येक यंत्रापाशी मनुष्य जावे लागल्यामुळे वेळ लागला, हे खरे. तरी लाखो संगणक पुसून काढावे लागले नाहीत. जे विमानतळाला लागू, तेच माजघराला.

सर्वच दुखणी फाइलींची नसतात, हेही सांगितले पाहिजे. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या काही संगणक-मेंदूंत विद्युद्दाबाच्या दोषामुळे खेळ वारंवार कोसळत असत. २०२४ साली कंपनीने तो दोष मान्य करून सुधारणा दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढविली. तेथे फाइली बदलून काय होणार? त्याचप्रमाणे विंडोज ९५ च्या पूर्वीचे १६ बिटांचे जुने खेळ आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर चालतच नाहीत. त्यात बिघाड कोणाचाच नाही. पंख्यात धूळ साचून यंत्र तापत असेल तर पंखा साफ करणे हाच उपाय. आणि तबकडी खरखर वाजत असेल, फाइली उघडण्यास विलक्षण वेळ लागत असेल, तर कोणतीही दुरुस्ती करण्यापूर्वी छायाचित्रे, हिशेब व लेखन यांची प्रत दुसरीकडे काढावी. मरणपंथाला लागलेल्या तबकडीवर तपासणीचा ताण आधी टाकू नये.

सारे उपाय हरले तरी पुसून टाकणे हा शेवटचाच उपाय समजावा. विंडोज ११ च्या अलीकडील आवृत्त्यांत 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी' या वाटेने गेल्यास 'विंडोज अपडेट'च्या द्वारे मूळ प्रणाली जागच्या जागी नव्याने भरण्याची सोय आहे; तीत कार्यक्रम, फाइली व मांडणी शाबूत राहतात. त्यापुढचा उपाय 'रीसेट'चा. त्यात 'माझ्या फाइली ठेवा' हा पर्याय निवडला तरी भरलेले कार्यक्रम जातात, म्हणून हिशेबाच्या कार्यक्रमाची परवाना-क्रमांकाची नोंद आधी काढून ठेवावी. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी हेही जाणावे, की १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा सर्वसाधारण पाठिंबा संपला आहे.

रोग होऊ नये म्हणून तीन गोष्टी कराव्यात. पहिली, कोठीघराच्या किल्ल्या ज्याप्रमाणे आजींच्या कमरेला असत, त्याप्रमाणे 'अॅडमिनिस्ट्रेटर'चे खाते घरातील एकाच जबाबदार व्यक्तीपाशी असावे, आणि बाकीच्यांस, मुलांसच नव्हे तर काकांसही, साधी खाती द्यावीत. साध्या खात्यातून मूळ फाइलींना हात लावता येत नाही. दुसरी, संगणकास 'यूपीएस' जोडावा. तो काही मिनिटेच वीज पुरवितो, पण चालू काम आटोपून यंत्र रीतीने बंद करण्यास तेवढी पुरतात. तिसरी, घरातील मोलाच्या फाइलींची एक प्रत घरात व एक प्रत घराबाहेर असावी. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते, आणि सखल पेठांतील घरांत व दुकानांत जे जमिनीलगत होते ते बुडाले. परगावी असलेल्या भावाकडे एक प्रत असेल, तर पाणी ओसरल्यावर निदान छायाचित्रांसाठी रडावे लागत नाही. भिजलेला संगणक मात्र चालू करून पाहू नये. तबकडी बाहेर काढून जाणकाराच्या हाती द्यावी.

अखेरीस वडील मंडळींना एक विनंती. ही दुरुस्ती मुलांकडूनच करवून घ्यावी. आपण शेजारी बसून पाटी मोठ्याने वाचावी, वहीत तारीख घालून काय केले व काय झाले ते लिहवून घ्यावे, आणि किल्लीचा परवलीचा शब्द स्वतः टंकावा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हे सारे समजते. ज्या मुलाने कारण शोधून एक उपाय करून पाहिला, तो चुकला म्हणून दुसरा केला आणि शेवटी खेळ चालू झालेला पाहिला, त्याने त्या सुटीत खेळापेक्षा अधिक काही मिळविले असे आम्ही समजतो. आणि ज्या घरात त्या मुलावर आधी आळ येत होता, तेथे पुढच्या खेपेस काकांचा हिशेब अडला, तर त्यालाच हाक मारली जाईल.